सांगणारीच्या पाठीशी

८ जून
पत्रं झाली एकदाची. बोटं आखडली, मानेचा पार लाकडी ओंडका झाला, पण झाली. पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुली पहिल्यांदा वॉर्डात उभ्या राहणार आणि त्याआधी प्रत्येकीच्या हातात माझं पत्र असणार. नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर झाल्यापासून हा नेम मी मोडलेला नाही. बाकीच्या ट्यूटर हसतात. हसोत बापड्या.

माझी पद्धत ठरलेली आहे. पत्र लिहिण्याआधी मुलीचे हात बघायचे. चेहरा ट्यूटरसमोर सोंग आणतो, हातांना ते जमत नाही. पट्टी बांधताना, चादर ताणताना, सुई उघडताना हात कसे चालतात ते आठवडाभर टिपायचं आणि त्यातलं चांगलं तेवढं लिहायचं. 'शेपटी'ला (वेणी कमरेखाली जाते म्हणून) लिहिलं की तुझे हात धीट आहेत, त्यांना थोडं थांबायला शिकव. 'मुंगी'ला लिहिलं की तुझे हात कधी घाई करत नाहीत, पेशंटला ते कळेल. मुंगी हे नाव मुलींनीच ठेवलंय. एवढीशी आहे, आणि स्वतःहून मोठा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत निघालेली असते.

शेवटचा परिच्छेद मात्र सगळ्यांना सारखा: "चूक प्रत्येकीची होते. झाली की लपवू नकोस, त्याच मिनिटाला सांग. सांगणारीच्या पाठीशी मी उभी राहीन. हा माझा शब्द आहे."

ताईनं एक पत्र उचलून वाचलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि अजून वाढवतेच आहे.
"हे पाठीशी उभं राहायचं सगळ्यांना लिहिलंस?"
"हो. का?"
"नाही, एवढ्या जणी. दमशील."
तिला प्रत्येक गोष्टीत खोट काढल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. तसंही डॉक्टरांनी तिचं गोड बंदच केलंय.

१५ जून
पहिली ड्युटी. एकीला भोवळ आली, एकीनं ट्रे पाडला, बाकी छान. मुलींच्या ॲप्रनच्या खिशातून माझ्या पत्राची घडी डोकावत होती. मी न पाहिल्यासारखं केलं, पण दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

१ जुलै
मेट्रननी चहाला बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हाच कळलं की काहीतरी आहे. आमच्या प्राचार्य, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, सप्टेंबरात निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी माझं नाव पुढे आहे. "तेवढी ऑगस्टमधली मान्यतेची तपासणी बिनबोभाट पार पडू दे," मेट्रन म्हणाल्या, "मग तुमच्या नावाला कोण नाही म्हणतंय?"

खोटं कशाला लिहू, मला ती जागा हवी आहे. केव्हापासूनची हवी आहे. ताईला सांगितलं तर म्हणाली, "मग आता जपून चाल." मी म्हटलं, मी काय चोरी करतेय जपून चालायला?

९ जुलै
आज पुरुषांच्या वॉर्डात मुंगीच्या हातून चूक झाली. म्हणजे अर्धी तिची, अर्धी दोन म्हाताऱ्यांची. शेजारशेजारच्या खाटांवरच्या दोन आजोबांनी सकाळी आपसात खाटा बदलल्या, कारण एकाला खिडकी हवी होती आणि दुसऱ्याला वारा सोसत नव्हता. कुणाला सांगितलं नाही. मुंगीनं खाटेचा नंबर बघितला, नाव विचारलं नाही, आणि एकाचं इन्सुलिन दुसऱ्याला टोचलं. ज्यांना ते कधीच लागलं नव्हतं अशा माणसाला! थोड्या वेळानं खिडकीतले आजोबा म्हणाले, "पोरी, माझी सुई राहिली की." तेव्हा हिला कळलं.

पण पुढचं तिनं चोख केलं. ट्रे तिथंच ठेवला आणि सगळ्या वॉर्डासमोर इन्चार्ज सिस्टरना म्हणाली, "सिस्टर, मी चुकीच्या पेशंटला इन्सुलिन दिलंय." लगेच साखर तपासली, ग्लुकोज लावलं, आणि दुपारी तेच आजोबा वर्तमानपत्र मिळत नाही म्हणून कुरकुरत होते.

मी तिला वर्गात उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, चूक कशी सांगायची ते हिच्याकडून शिका. नाव विचारलं नाही म्हणून झापलंही, पण नंतर. तिचे हात तेव्हा कापायला लागले. मला वाटलं, माझं पत्र कामी आलं.

११ जुलै
चुकीची सुई टोचलेल्या आजोबांचा पुतण्या वकील निघाला. काकाला भेटायला वर्षानुवर्षं फिरकत नसेल, पण तक्रार चार पानी आहे. मोठ्या बाईंनी चौकशी समिती नेमली: त्या स्वतः, मेट्रन आणि एक डॉक्टर.

मेट्रन मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "सगळ्या वॉर्डासमोर ओरडून सांगायची काय गरज होती? हळूच येऊन सांगितलं असतं तर आपसात निस्तरलं असतं. या मुलींना हे असलं शिकवतं तरी कोण?"

मी म्हटलं, "बघते मी." आणि जिना उतरले. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. शिकवतं तरी कोण!

१२ जुलै
डोकं ठणकतंय. मुंगीनं ते पत्र समितीपुढे ठेवलं तर? माझं अक्षर, माझी सही, 'हा माझा शब्द आहे'. वकिलाच्या हाती पडलं तर तो म्हणेल, ट्यूटरच लिहून देते की चुका करा, मी आहे. तसा त्याचा अर्थ नाही. पण अर्थ लावणारी मी नसणार. आणि एकीचं पत्र निघालं की बाकीच्यांची निघायला किती वेळ? तपासणी तोंडावर. हे मी माझ्यासाठी म्हणत नाही, शाळेच्या मान्यतेचा प्रश्न आहे.

१३ जुलै
पत्रं परत मागवली. वर्गात सांगितलं की तपासणीसाठी एक फाइल करायची आहे, 'विद्यार्थिनींशी संवाद' वगैरे. हे अगदीच खोटं नाही, अशी फाइल करता येईलही.

मुलींनी आणून दिली. बहुतेक पत्रं घडीवर विरली होती. शेपटीनं विचारलं, "मॅडम, परत मिळणार ना?" मी म्हटलं, बघू. मुंगीनं मात्र काही विचारलं नाही. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "असू दे मॅडम. माझं पाठ आहे."

आवाज साधाच होता, पण मला ते लागलं. धमकी होती का? एवढ्याशा मुलीत इतका बेरकीपणा असेल असं वाटत नाही. पण सांगता येत नाही.

पत्रं घरी आणून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. ताई बघत होती. काही बोलली नाही, आणि ताई बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

१६ जुलै
चौकशी झाली. मुलीची ट्यूटर म्हणून मलाही खुर्ची होती, खिडकीकडे.

मुंगी टेबलासमोर उभी राहिली. खाटेचा नंबर, वेळ, सुई, सगळं विचारून झालं. मग मेट्रननी तो प्रश्न विचारलाच.
"सगळ्यांदेखत बोंब ठोकायला तुला कुणी सांगितलं होतं?"
मुंगीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.
"कुणी नाही," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं."

माझं नाव तिनं घेतलं नाही. खुर्चीतल्या खुर्चीत मी सैल झाले. मोठ्या बाईंनी मला विचारलं, "ट्यूटर म्हणून तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हटलं, "मुलगी कष्टाळू आहे. बाकी समितीनं ठरवावं." हे योग्यच होतं. जास्त बोलले असते तर पक्षपात दिसला असता. आणि खरं तर बोलायला तसा वावही नव्हता.

निर्णय: मुंगीला कोर्समधून काढून टाकलं. मला वाटलं होतं, फार तर वर्ष मागे ठेवतील.

तिनं मला वाचवलं हे मी विसरणार नाही. वातावरण निवळलं की तिच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकीन.

ताईला जेवताना सांगितलं. तिनं घास खाली ठेवला. "म्हणजे ती बोलली आणि तू गप्प बसलीस."
"तुला ऑफिसातलं कळत नाही, ताई."
"नाही कळत," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

१९ जुलै
मुंगीचे वडील तिची ट्रंक न्यायला आले. सुतार आहेत. होस्टेलच्या दाराची बिजागरी करकरत होती तर उभ्या उभ्या तिचा स्क्रू पिळून गेले. मला बघून हात जोडले. मला वाटलं आता भांडतील. तर म्हणतात, "बाई, तुमचं पत्र तिनं घरी वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी बसून ऐकलं आम्ही. तिच्या आईनं दोनदा वाचायला लावलं."

मी बाजूला होऊन ट्रंकेला वाट करून दिली.

"एक विचारू का? तिची चूक काय झाली?"
"चुकीच्या पेशंटला इंजेक्शन दिलं तिनं."
"ते सांगितलं तिनं. पण ते सांगितल्याबद्दल काढलं, का केल्याबद्दल?"
मी म्हटलं, मीटिंग आहे, आणि निघाले. मीटिंग नव्हती.

२२ ऑगस्ट
तपासणी उत्तम पार पडली. समितीचे प्रमुख वॉर्डात फिरले, मुलींना प्रश्न विचारले, एकीचीही जीभ अडखळली नाही. वॉर्डातल्या चुकांचा तक्ता बघून तर म्हणाले, जुलैच्या मध्यापासून एकही नोंद नाही! कसं साधलंत? मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आणि खरंच नाही. पूर्वी आठवड्याला कुणीतरी रडत यायची, मॅडम गोळी उशिरा दिली, मॅडम थर्मामीटर फुटला. आता मी विचारते, "काही सांगायचंय?" आणि सगळ्या एका सुरात म्हणतात, "नाही मॅडम, सगळं ठीक." मुंगीच्या प्रकरणानं मुली सावध झाल्या, असंच म्हणायला हवं. कठोर वाटतं, पण कधी कधी अशानंच शिस्त लागते.

५ सप्टेंबर
मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसले. प्रभारी म्हणून, पण बसले. खुर्ची एका बाजूला कलते.

पुढच्या तुकडीच्या पत्रांचा मसुदा केला. शेवटचा परिच्छेद गाळला. पत्र आता जास्त सुटसुटीत वाटतं.

१८ सप्टेंबर
ताईच्या पायाला चप्पल चावली होती, तिनं आठवडाभर मला दाखवलंच नाही. साखर वाढलेली, जखम चिघळलेली. आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. मुली तिला 'आजी आजी' करत फुलासारखी जपतायत. ताई त्यांना म्हणते, "तुमच्या मॅडमना लहानपणी मीच न्हाऊ घालायचे, फार किंचाळायची." वॉर्डभर हसू. माझा दरारा पार धुळीला मिळाला.

२१ सप्टेंबर
झालं ते लिहून ठेवते.

सकाळी ऑफिसातून ताईकडे डोकावले. झोपलीय वाटलं. जवळ गेले तर कपाळ ओलं, हात गार, हाक मारली तर नुसतं "अं". खाटेजवळ शेपटी आणि आणखी दोघी उभ्या.
"इन्सुलिन कधी दिलं?"
"वेळेवर, मॅडम."
"किती?"
"चार्टवर आहे तेवढंच."

साखर मीच तपासली. इतका खाली गेलेला आकडा बघून मला घेरी यायची बाकी होती. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, ताईनं डोळे उघडले. पण डॉक्टरांनी विचारलं ते महत्त्वाचं होतं. हिला इन्सुलिन जास्त गेलंय का, आणि गेलं असेल तर लवकर उतरणारं की दिवसभर अंगात राहणारं? दिवसभराचं असेल तर साखर पुन्हा पुन्हा कोसळणार, सलाईन काढायची नाही, एक मिनिट नजर हलवायची नाही.

चार्ट स्वच्छ. एकच डोस, सही, वेळ, सगळं जागच्या जागी. मी तिघींना बाजूला घेतलं.
"खरं सांगा. काय झालं?"
"काही नाही मॅडम, सगळं ठीक आहे."
"ती माझी बहीण आहे गं!"
"हो मॅडम."
"मी कुणाला काही करणार नाही. मी तुमच्या पाठीशी आहे."

शेपटीनं मान वर केली. पाठीशी हा शब्द ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. सभ्य मुलगी खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाकडे बघते तशी ती माझ्याकडे बघत होती. मग तिघींनी एकदमच खाली पाहिलं. मी ओरडले, विनवलं, शेवटी हात जोडले. प्राचार्यबाई वॉर्डात मुलींपुढे हात जोडून उभ्या! भिंतीशी बोलल्यासारखं. माझी ताई पलीकडे पडली होती, आणि ती वाचण्यासाठी जे एक वाक्य हवं होतं ते या मुलींना कुणाजवळ बोलायची सोय मीच ठेवली नव्हती.

अखेर ताईनंच सांगितलं, जीभ जडच होती तरी.
"दोनदा दिलं. दिवसभराचं."
"काय?"
"एकीनं दिलं, लिहायचं राहिलं. दुसरीनं कोरा कागद बघून पुन्हा दिलं. मी म्हटलं, मघाशीच दिलं की. तिला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय." दम घेऊन म्हणाली, "मग दोघी आल्या रडत. साखरेचं पाणी पाजलं मला. डोळा कधी लागला कळलं नाही."

डॉक्टरांनी सलाईन वाढवलं, दर थोड्या वेळानं साखर बघायची असं ठरलं. ताई आता ठीक आहे. दुपारी ती थोडी तरतरीत झाल्यावर मी विचारलं, कोण दोघी?
"ते नाही सांगणार."
"ताई, तुझा जीव गेला असता."
"गेला नाही ना? शब्द दिलाय मी त्यांना." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्यासारखा लिहून नाही दिला. नुसताच दिला."

२३ सप्टेंबर
नियमाप्रमाणे चौकशी लावायची माझी जबाबदारी. समिती तीच, फक्त मोठ्या बाईंच्या जागी मी. मेट्रन म्हणाल्या, नावं काढून घ्या, मुली फुटतील.

मी कपाटातून पत्रांचा गठ्ठा नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि सांगितलं: हे मी लिहिलं, जुलैत घाबरून परत घेतलं, आणि जिनं याप्रमाणे केलं तिला माझ्यासमोर काढलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आधी ती चौकशी परत उघडा. या दोघींचं नंतर बघू.

डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मेट्रन म्हणाल्या, "हे लेखी द्याल?" दिलं. मुंगीची सुनावणी पुन्हा होणार आहे. मी उद्यापासून प्रभारी नाही, आणि ट्यूटर राहीन की नाही ते वरचे लोक ठरवतील.

२६ सप्टेंबर
आज मुंगीच्या घरी गेले. वर्कशॉप पुढे, घर मागे. मुंगी एका दाराला पॉलिशपेपर घासत बसली होती, केसांत लाकडाचा भुगा. मला बघून उठली आणि हात पुसले.

मी सगळं सांगितलं. सुनावणी होईल, बहुतेक परत घेतील, मी साक्ष देणार आहे. ताईचंही सांगितलं. ते ऐकताना ती म्हणाली, "आता साखर किती आहे आजींची?"

मग मी ते बोलले, जे बोलायला गेले होते. समितीसमोर माझं नाव न घेता तू मला वाचवलंस. मी माझा शब्द मोडला तरी तू माझ्या पत्राला जागलीस. मला रडू फुटलं.

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.
"नाही मॅडम, मी वाचवलं नाही तुम्हाला. कुणी सांगितलं असं विचारलं, तर कुणी नव्हतंच सांगितलं."
"पण पत्र..."
"तेव्हा पत्र कुठं आठवतंय? आजोबांना घाम आला होता ना." ती अवघडली, मला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत असावी. "पत्र छान होतं, मॅडम. आईला फार आवडलं. तुमचं अक्षर किती सुंदर आहे."

तिच्या वडिलांनी आतून स्टूल आणून दिलं. मी बसले. ती पुन्हा खाली बसून दार घासायला लागली, आणि जरा वेळानं न थांबता म्हणाली, "सुनावणी कधी आहे? मी येते."